दोन व्याही आणि एक कार्ब्युरेटर

माझ्या रोपवाटिकेची पिकअप मुळात दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांनी तिच्यावर आयुष्यभर काच वाहिली. खिडक्यांच्या काचा, दुकानांच्या दर्शनी काचा, न्हाव्यांचे मोठाले आरसे. काच वाहणाऱ्याचा पाय हलका असावा लागतो. दादा गाडी अशी उचलायचे की शेजारी बसलेल्याला गाडी निघाली हे बाहेरचे खांब मागे सरकायला लागल्यावर कळायचं. पुढे त्यांनी काम थांबवलं, हौद्यातली काच टेकवायची लाकडी चौकट काढून टाकली आणि गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. तेव्हापासून त्या हौद्यात माती, कुंड्या आणि रोपं जातात.

दोन पावसाळे गाडी नीट चालली. मग निळा धूर सोडायला लागली. तेल प्यायची तर इतकी, की पंपावरचा पोरगा पेट्रोलच्या आधी तेलाचा डबा पुढे करायचा. माझे यजमान म्हणाले, विकून टाक. ते दातांच्या कवळ्या बनवतात. झिजलं की उपटायचं आणि नवं बसवायचं, हा त्यांचा धंदाच आहे. दादा काहीच बोलले नाहीत. दादा बोलले नाहीत म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. शेवटी अण्णांनी तोंड उघडलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. पंपांच्या कारखान्यात त्यांची सारी नोकरी तपासणी विभागात गेली. तयार झालेला प्रत्येक पंप त्यांच्यासमोर चालवून दाखवायचा, मीटरचा काटा जागच्या जागी थांबला तर पास, थरथरला तर परत. ते म्हणाले, "गाडीला काही झालेलं नाही. इंजिन खोलू."

दादांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला बरं वाटलं. तेव्हा पुढचं कुठे माहीत होतं.

इथे या दोघांबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांचा एकमेकांवर एकदाही आवाज चढला नव्हता. पटत होतं म्हणून नाही. दोघंही कमालीचे सभ्य, आणि व्याही हे नातं असं की त्यात माणूस सभ्यपणातून बाहेरच येत नाही. दाराशी आले की आधी तुम्ही, छे, आधी तुम्ही, असं चालायचं आणि मागे सासूबाई हातात गरम पातेलं घेऊन ताटकळायच्या. अण्णांनी चहात साखर जास्त घातली तर दादा तो मिटक्या मारत प्यायचे आणि घरी जाऊन पाणी ढोसायचे. आई गेल्यापासून दादा चार गल्ल्या पलीकडे एकटे राहत होते. अण्णा त्यांना दर भेटीत सांगायचे, इकडेच या राहायला, खोली मोकळी आहे. दादा दर भेटीत म्हणायचे, येईन की, घाई काय आहे. दोघांचं बोलून झालं की विषय मिटायचा.

इंजिनाचं काम कोपऱ्यावरच्या मेस्त्रीकडे झालं. ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून घासून आणला. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं नवी टाकली, व्हॉल्व्ह घासून बसवले. दोन्ही व्याही रोज तिथे स्टुलावर हजर. एक म्हणायचा, जरा ऐका हो मेस्त्री. दुसरा म्हणायचा, जरा मोजा हो मेस्त्री. मेस्त्री सालस माणूस, पण त्यालाही सोसायची हद्द असते. इंजिन गाडीत बसलं, पहिल्या दोन झटक्यांत सुरू झालं, धूर पांढराही नाही आणि निळाही नाही, तेव्हा त्याने हात पुसले आणि मला बाजूला घेतलं. म्हणाला, वहिनी, आतलं काम पक्कं आहे. आता उरलंय ते कार्ब्युरेटर आणि टायमिंग लावायचं. ते मी लावीन, पण हे दोघं डोक्यावर उभे असताना नाही. त्यांना घरी घेऊन जा आणि त्यांनाच लावू द्या.

रविवारी आमच्या अंगणात बोनेट उघडलं गेलं. कार्ब्युरेटर काढून सासूबाईंच्या मोठ्या परातीत धुतला. सासूबाई म्हणाल्या की ही परात आता पुन्हा घरात घ्यायची नाही. त्यावर दोघांनी एकदमच माफी मागितली. कार्ब्युरेटर परत बसवताना नवीन पॅकिंग घातलं आणि मग नटांवरून गाडं अडलं. पहिला पाना तुम्ही लावा. अहो, गाडी तुमची. आता कुठे माझी, तुमच्या सुनबाईंची आहे. शेवटी एका बाजूचा नट दादांनी आवळला, दुसऱ्या बाजूचा अण्णांनी.

जे लावायचं होतं ते काही फार अवघड नव्हतं. मला त्या महिन्याभरात इतकं कळलं. कार्ब्युरेटरच्या अंगाला एक बारीक स्क्रू असतो, गाडी उभी असताना हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते तो ठरवतो. दुसरा स्क्रू उभ्या गाडीचा वेग ठरवतो. आणि टायमिंग म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा पडावी, ते डिस्ट्रिब्युटर थोडा इकडेतिकडे फिरवून ठरतं. बस, एवढंच. पण दादांना हवं होतं की गाडी सुटताना जराही अडखळू नये, मग उभी असताना थोडी जास्त प्याली तरी चालेल. अण्णांना हवं होतं की गाडी उभी असताना इंजिनाची ओढ मोजणाऱ्या त्यांच्या मीटरचा काटा खिळ्यासारखा थांबावा आणि पेट्रोलचा वास येता कामा नये. दोघांनी एकमेकांच्या मताला मान दिला. दादांनी स्क्रू थोडा उघडला, अण्णांनी वा वा केलं. अण्णांनी थोडा मिटला, दादांनी वा वा केलं. जिथे थांबले ती जागा दोघांनाही पसंत नव्हती, हे मला उभ्या उभ्या दिसत होतं. दोघं एकमेकांना म्हणाले, झकास. आणि चहा प्यायला आत गेले.

त्यानंतर गाडीला झालं तरी काय, ते मला कळेना.

सकाळी पहिल्या फेरीला निघावं तर नाकात पेट्रोलचा वास, उभी असताना कोणी पाय दाबून धरल्यासारखी घोंघावणारी, आणि एक्झॉस्टसमोरच्या भिंतीवर काळा पट्टा. पण सुटायला लोण्यासारखी. जेवून दुसऱ्या फेरीला निघावं तर तीच गाडी उभी असताना शहाण्या मुलीसारखी हळू बोलणारी, वास नाही, काही नाही. मात्र चौकात सिग्नल सुटला, पाय दिला, की एक आवंढा गिळायची आणि कधी कधी बंदच पडायची. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. हौद्यातली उंच रोपं एकमेकांच्या अंगावर पडायची. मी दादांना सांगितलं, दुपारी बंद पडते. ते म्हणाले, असं? बघतो. मी अण्णांना सांगितलं, सकाळी वास येतो. तेही म्हणाले, असं? बघतो. दोघांच्याही आवाजात एक समाधान होतं, ते मला तेव्हा ओळखू आलं नाही.

मी मेस्त्रीकडे गेले. त्याने गाडी चालू करून ऐकली, प्लग काढून पाहिले, परत लावले. म्हणाला, "वहिनी, इंजिनाला लहर नसते. सकाळचा स्क्रू आणि दुपारचा स्क्रू एक नाही. घरात कोणीतरी हात लावतंय."

मी म्हटलं, घरात हात लावणारे दोनच आहेत.

तो हसला नाही, मान खाली घालून प्लग पुसत राहिला. पण त्याचे खांदे हलत होते.

मला खात्री करून घ्यायची होती. स्क्रूवर आणि त्याच्या शेजारच्या धातूवर मिळून एक ठिपका लावायचा, स्क्रू फिरला की ठिपका दुभंगतो, एवढी युक्ती मेस्त्रीने सांगितली. त्यासाठी नेलपॉलिश हवं. माझे हात दिवसभर मातीत, माझ्याकडे कुठलं नेलपॉलिश. सासूबाईंकडे मागितलं. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. गडद लाल बाटली काढून दिली आणि म्हणाल्या, "दोन हात दे. एका हाताने दिसत नाही नीट."

रात्री मी दोन्ही स्क्रूंवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या बोल्टवर ठिपके लावले. दादा रोज सकाळी रोपांना पाणी घालायला यायचे, मी उठून आवरेपर्यंत. सकाळची फेरी करून आल्यावर मी बोनेट उघडलं. मिश्रणाच्या स्क्रूवरचा ठिपका दुभंगलेला. मी तो पुसून नवा लावला आणि जाळीखाली रोपं लावत बसले. अण्णांची ही वेळ वाचनाची. दुसऱ्या फेरीच्या आधी पुन्हा पाहिलं. तो ठिपका दुभंगलेला, वेगाच्या स्क्रूवरचाही दुभंगलेला, आणि डिस्ट्रिब्युटरच्या बोल्टवरचा तर दिसतच नव्हता, कारण पाना लागून खरवडून गेला होता. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. माझी गाडी सकाळी एका घरी तुडुंब जेवत होती आणि दुपारी दुसऱ्या घरी उपास करत होती.

खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण कोणाला बोलू? दादांना बोलले तर अण्णांच्या देखत माझ्या वडिलांची मान खाली जाणार. अण्णांना बोलले तर लेक बापाची बाजू घेते असं होणार. यजमानांना सांगितलं, तर ते पोट धरून हसले आणि मग गंभीर होऊन म्हणाले की मला यात ओढू नकोस. सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. माजघराच्या खिडकीतून सगळं दिसतं. मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, दोघांना काहीतरी काम मिळालंय, कशाला मोडता घालू.

म्हणून मीही ठिपके लावत राहिले आणि गप्प बसले. कधी ना कधी एकाचा दुसऱ्याला पत्ता लागेल, असं वाटत होतं.

एके दिवशी रुग्णालयाच्या आतल्या चौकासाठी मोठी झाडं द्यायची होती. नुसती रोपं नाहीत, माझ्या उंचीपेक्षा उंच झालेली, मोठ्या कुंड्यांतली झाडं, इवलीशी होती तेव्हापासून मी वाढवलेली. दुपारची फेरी. फाटकातून आत शिरलं की चांगलाच चढ आहे. चढावर पुढे एक रुग्णवाहिका थांबली म्हणून मी थांबले. ती हलली, मी क्लच सोडत पाय दिला, गाडीने आवंढा गिळला आणि बंद पडली. मी पुन्हा किल्ली फिरवली. धरली नाही. हँडब्रेक ओढलेला होता, पण एवढ्या वजनाला तो पुरला नाही. गाडी मागे सरकायला लागली. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबेपर्यंत मागचा कोपरा फाटकाच्या खांबाला लागला, मोठा आवाज झाला, आणि हौद्यातल्या दोन कुंड्या उलटून खाली पडल्या. पहारेकऱ्याने धावत येऊन चाकामागे दगड लावला.

मागे कोणी नव्हतं. एक बाई व्हीलचेअर ढकलत थोड्या वेळापूर्वी तिथूनच गेली होती. मी खाली उतरले. एका झाडाचं खोड मधोमध मोडलं होतं. पहारेकरी म्हणाला, बसा ताई, पाणी प्या. मी त्याच्या खुर्चीवर बसले आणि पाणी प्यायले. मग राग आला. इतका, की मी उरलेली झाडं उतरवून घेतली, जागेवर ठेवून दिली, आणि परत येताना पूर्ण रस्ता चोक ओढून, म्हणजे पेट्रोल वाढवून, गाडी चालवली आणि एकदाही थांबले नाही.

दादा त्या दिवशी दुपारीच आमच्याकडे आले होते, सासूबाईंनी त्यांना लिंबाचं रोप कुठे लावायचं ते विचारायला बोलावलं होतं. खरंच लिंबासाठी की कसं, ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. मी गाडी अंगणात लावली. दोघं बाहेर आले. मागचा चेपलेला कोपरा पाहिला. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. तुला काही लागलं का, हे दोघांनी एकदमच विचारलं.

मी म्हटलं, "मला नाही लागलं. चढावर बंद पडली आणि मागे गेली. मागे माणूस असता तर गेला असता." आणि बोनेट उघडून लाल ठिपके दाखवले. हा सकाळी तुटतो, हे तीन दुपारी तुटतात, एवढंच सांगितलं. कोण तोडतं ते सांगायची गरज नव्हती.

दोघंही वाकून पाहत राहिले. मग हळूच एकमेकांकडे पाहिलं. पहिल्यांदा अण्णा बोलले, आणि तेही माझ्याशी. म्हणाले, मला वाटलं स्क्रू सैल आहे, आपोआप फिरतोय. दादा म्हणाले, मलाही तसंच वाटलं. मी मनात म्हटलं, आता पुन्हा झकास म्हणून चहा प्यायला जातील. तेवढ्यात दादांनी गाडीचा चेपलेला कोपरा पुन्हा पाहिला आणि त्यांचा तोल गेला.

"तुम्ही उपाशी मारलीत गाडी," ते म्हणाले. "काटा थांबला म्हणजे झालं? चढावर काटा ढकलणार होता का तिला?"

"आणि तुम्ही पेट्रोलाने आंघोळ घालत होतात," अण्णा म्हणाले. "प्लग काळे ठिक्कर करून ठेवलेत. नव्या इंजिनाचं तेल पातळ होईल, रिंगा खराब होतील, ते कोण बघणार?"

मग जे सुरू झालं ते थांबेना. मी मध्ये पडायला निघाले, तर सासूबाईंनी दारातूनच हात आडवा केला. कार्ब्युरेटरवरून गाडी टायमिंगवर आली, टायमिंगवरून चहातल्या साखरेवर. अण्णांना तोवर माहीत नव्हतं की दादांना गोड चहा चालत नाही. इतकी वर्षं पीत होतात ना, असं ते म्हणाले, आणि त्यात खराखुरा राग होता. दादा म्हणाले, तुम्ही देत होतात म्हणून पीत होतो. तुम्ही राहायला या म्हणता तेही मी ऐकून घेतो. तोंडदेखलं आहे हे कळत नाही का मला.

अण्णा थांबले. हातातलं फडकं बोनेटवर ठेवलं.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "पहिल्यांदा म्हटलं ते तोंडदेखलंच होतं. तुमच्या घरी दुःख झालेलं, काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हटलं. त्यानंतर नाही."

दादा वळून गाडीत बसले आणि इंजिन चालू केलं. मला वाटलं आता रागाने निघून जातात की काय. पण ते पुन्हा खाली उतरले आणि बोनेटखाली कान घातला. त्यांना रडताना मी आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं, आणि आताही ते रडत नव्हते, पण माणूस काहीतरी करायला मिळावं म्हणून जसं करतो तसं करत होते. अण्णा आत जाऊन आपला मीटर घेऊन आले आणि त्याची नळी इंजिनाला लावली.

गाडी माझ्या फेरीने चांगली तापलेली होती. काटा थरथरत होता. दादा म्हणाले, फुसफुस ऐकू येतेय. अण्णा म्हणाले, मला नाही येत. दादा म्हणाले, तुम्हाला नाही येणार, तुम्हाला डाव्या कानाने कमी येतं. हेही त्या दिवशी पहिल्यांदाच बोललं गेलं. अण्णांनी ते मान्य केलं आणि म्हणाले, पण काटा तेच सांगतोय. कुठूनतरी हवा शिरतेय. पहिल्या रविवारी बघितलं तेव्हा इंजिन गार होतं, आपण साप म्हणून भुई धोपटत बसलो.

कुठून शिरतेय ते शोधायला अण्णा म्हणाले की ब्रशाने पेट्रोल लावून बघू. सासूबाई दारातून म्हणाल्या की माझ्या अंगणात आग नको. तेव्हा मी रोपांवर फवारा मारायची माझी बाटली आणली, तोंड बारीक केलं आणि दादा सांगतील तिथे पाण्याचा फवारा मारत गेले. आधी नळ्यांवर मारला, काही नाही. मग कार्ब्युरेटरच्या बुडाशी, जिथे तो इंजिनावर बसतो, तिथे डाव्या बाजूला मारला. इंजिन लगेच अडखळलं आणि मीटरचा काटा खाली आला. फवारा थांबवला, पुन्हा होतं तसं. आम्ही तिघांनी ते पुन्हा करून पाहिलं. पाणी कुठं मुरतंय ते दिसलं एकदाचं.

इंजिन थंड झाल्यावर कार्ब्युरेटर काढला. अण्णांनी त्याच्या बुडावर पोलादी पट्टी उभी धरली आणि पट्टीखालून उजेड दिसला. बूड किंचित वाकलं होतं. तापलं की फट उघडायची, तीतून हवा शिरायची, मिश्रण पातळ व्हायचं. ते झाकायला दादा पेट्रोल वाढवत होते आणि त्या वाढवलेल्याला पाहून अण्णा कमी करत होते. दोघांचंही चुकत होतं आणि दोघांना जे ऐकू येत होतं किंवा दिसत होतं तेही खरंच होतं. बूड वाकलं कशाने, हे मात्र शेवटपर्यंत नक्की झालं नाही. मेस्त्री म्हणाला, जुनं असेल, कधीतरी तापून झालेलं. पण दोन्ही नट आलटूनपालटून थोडे थोडे आवळायचे असतात, एकाने एक बाजू पूर्ण आणि दुसऱ्याने दुसरी बाजू पूर्ण असं करायचं नसतं, हेही त्याने सांगितलं. दोघांनी ते खाली बघून ऐकून घेतलं.

बूड सपाट करायचं काम दादांचं. ते घरून जाड काचेचा एक तुकडा घेऊन आले. काचेइतकं सपाट दुसरं काही नसतं, असं त्यांचं नेहमीचं म्हणणं. काचेवर बारीक पॉलिशपेपर पसरला, थोडं तेल टाकलं, आणि त्यावर कार्ब्युरेटरचं बूड गोल गोल घासत बसले. मध्ये मध्ये अण्णा पट्टी धरून बघायचे. अजून. अजून थोडं. आता फार नको. दादा म्हणायचे, मला कळतंय. अण्णा म्हणायचे, मलाही दिसतंय. आवाज वर जायचे आणि खाली यायचे. सासूबाईंनी चहा आणला तेव्हा एका कपात साखर नव्हती.

नवीन पॅकिंग अण्णांनी कापलं. नट दोघांनीच आवळले, एक वेळ हा, एक वेळ तो, थोडे थोडे. गाडी मनसोक्त तापू दिली. मग मिश्रणाचा स्क्रू दादांनी हळूहळू आत घेतला, इंजिन अडखळायला लागलं तिथे थांबले, आणि परत बाहेर घेत गेले, आवाज भरून आला तिथपर्यंत. अण्णा मीटरकडे बघत म्हणाले, एवढंच. दादा म्हणाले, एवढंच नाही, अजून चिमूटभर. चिमूटभर दिलं, काटा हलला नाही, तेव्हा अण्णा म्हणाले, ठीक. टायमिंग अण्णांनी लावलं. दादांना ते थोडं पुढे, म्हणजे ठिणगी जरा लवकर पडतेय असं वाटलं, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि अण्णांनी चढावर नेऊन बघू म्हटलं.

तिघं पुढच्याच सीटवर दाटीवाटीने बसलो. मी चालवायला, दोघं शेजारी. हौद्यात मातीची पोती भरून वजन केलं. रुग्णालयाच्याच चढावर गेलो. मला तिथे जायला भीती वाटत होती, हे मी बोलून दाखवलं नाही, पण दादांनी हँडब्रेकवर हात ठेवून तो तिथेच ठेवला. मी चढाच्या मध्यावर थांबले. पाय दिला. गाडी थोडीशी, अगदी थोडीशी, दबली आणि निघाली. अण्णा म्हणाले, झालं. दादा म्हणाले, दबली. अण्णा म्हणाले, एवढं चालतं. दादा म्हणाले, काचेला नाही चालत. मी म्हटलं, आता काच नाही, झाडं आहेत. दादा म्हणाले, झाडालाही मान असते.

वरती गाडी लावून बोनेट उघडलं. पाय दिल्यावर पेट्रोलची एक पिचकारी आत मारणारा छोटा पंप कार्ब्युरेटरात असतो, आणि त्याच्या दांडीला दोन भोकं असतात. पंपांचं नाव निघाल्यावर अण्णांचा चेहरा बदलला. बराच वेळ वाकून बघितलं आणि म्हणाले, दांडी दुसऱ्या भोकात घेतली तर पिचकारी मोठी होईल. तुमचं बरोबर आहे, कमी पडतेय. दांडी बदलली. खाली जाऊन पुन्हा चढलो, मध्येच थांबलो, पुन्हा निघालो. या वेळी गाडी निघाली हे मला खांब सरकल्यावर कळलं.

येताना टायमिंगवरून पुन्हा वाद झाला. दादांचं म्हणणं ते अजून पुढे आहे, अण्णांचं म्हणणं नाही. तो वाद अजून मिटलेला नाही, पण स्क्रूला हात कोणी लावत नाही. मोडलेल्या झाडाच्या जागी मी दुसरं झाड नेऊन दिलं. चेपलेला कोपरा तसाच आहे.

पुढच्या थंडीत दादांना ताप आला, तेव्हा अण्णा स्वतः जाऊन त्यांना रिक्षात घालून घेऊन आले. मोकळ्या खोलीत ठेवलं. ताप उतरल्यावरही दादा काही दिवस राहिले. मला वाटलं आता राहतीलच. एका सकाळी त्यांनी पिशवी भरली आणि अण्णांसमोरच मला सांगितलं, "मी जातो. तुझे सासरे माणूस चांगले आहेत, पण डोळा उघडल्यापासून बोलतात."

अण्णा पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "जाऊ दे त्यांना. रात्रभर घोरतात."

मी दादांना पिकअपमधून सोडायला निघाले. अण्णा बाहेर आले, गाडी चालू झाल्यावर आपला चांगला कान बोनेटपाशी नेऊन थोडं ऐकलं आणि दादांच्या खिडकीशी येऊन विचारलं, उद्या जेवायला काय करायला सांगू. दादांनी सांगितलं.